आजार खरा, मण्यारही खरी

माझ्या आजाराला आतापर्यंत चार नावं मिळाली. कमजोरी, डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर. चौथं नाव टिकलं आहे. त्याच्या गोळ्या लागू पडल्या आणि त्यांच्याच जोरावर मी आज सलग दोन पानं लिहू शकते. तरी मला राग आहे. आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की सगळ्यांचे आभार मानतात. मीही मानेन, ज्यांचे मानायचे त्यांचे. बाकीच्यांना माझा राग समजून घ्यावा लागेल.

मी वंदना. माहेर सिंदेवाहीच्या रामटेक्यांचं, सासर गोंडपिपरीचं. नवरा प्रकाश शिक्षक, मुलगी समता नववीत. एटापल्ली तालुक्यातल्या एका खासगी संस्थेच्या निवासी शाळेत मी मुलींची अधीक्षिका होते. मुलींना उठवण्यापासून निजवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. सुट्टीत घर, बाकी वर्षभर जंगल. मुली बहुतेक माडिया आदिवासी. पहिल्या वर्षी त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, दुसऱ्या वर्षी माझ्या मोडक्यातोडक्या माडिया बोलीला हसायला लागल्या आणि तिसऱ्या वर्षी माझ्या केसांत तेल घालायला भांडायला लागल्या.

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी. ज्यांच्या हातात नुकताच डॉक्टरचा असा एखादा कागद पडला आहे आणि त्यावरचं नाव वाचून ज्यांच्या घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले आहेत, त्यांच्यासाठी.

सोमीच्या पापण्या

मुली जमिनीवर झोपायच्या. सतरंजी, चादर, एवढंच. भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं बोट जाईल अशा भेगा होत्या. मी रुजू झाले त्याच वर्षी संस्थेच्या सचिवांना खाटा मागितल्या. ते म्हणाले, यांच्या घरी कुठं खाटा आहेत? मी सांगितलं, आहेत साहेब, प्रत्येकाच्या घरी बाज आहे. जाऊन पाहा. ते हसले आणि विषय बदलला.

दोन वर्षांनी पावसाळ्यात एका सकाळी सहावीतली सोमी पोट धरून बसली. आरोग्याचा माणूस आला, पोट दाबून पाहिलं, गॅस म्हणाला, गोळी दिली. नाश्त्याला ती उठली नाही. एक शिक्षक म्हणाले, आज गणिताचा पेपर आहे, नाटक करून राह्यली. मी तिची हनुवटी उचलली. ती मला बघायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या पापण्या वर जात नव्हत्या.

मला कळलं. आमच्या मोहल्ल्यातला एक माणूस असाच गेला होता. सापांत मण्यार चावली तर दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास.

शाळेच्या जीपमध्ये तिला मांडीवर घेऊन निघाले. दवाखान्यात सापाच्या विषावरची लस मिळाली, पुढं जिल्ह्याच्या दवाखान्यात ती श्वासाच्या मशीनवर राहिली, आणि वाचली. तिचा बाप माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसला आणि बसून राहिला.

गॅस म्हणणारा माणूस वाईट नव्हता. त्याला पोटदुखी दिसली, त्यानं पोटदुखीचं नाव दिलं. पापण्यांकडे त्यानं पाहिलं नाही, कारण त्याला कोणी पापण्यांचं सांगितलं नव्हतं. पुढं माझ्याही बाबतीत हेच होणार होतं.

गोळी लागू पडली

सोमी परत आली आणि मी पडले. कारण होतं, आणि कारणापेक्षा जास्त काहीतरी होतं. अंघोळ डोंगराएवढी वाटायची. मुली हाक मारायच्या आणि ती हाक पाण्याखालून आल्यासारखी यायची. असं आधीही झालं होतं. बारावीनंतरचा अख्खा उन्हाळा मी भिंतीकडे तोंड करून काढला, तेव्हा सिंदेवाहीच्या डॉक्टरांनी कमजोरी सांगितली आणि बाबांनी टॉनिकच्या बाटल्या आणल्या. समता झाली तेव्हाही झालं. तेव्हा सासू म्हणाली, बाळंतिणीले होते असं.

या वेळी प्रकाशनं मला डॉक्टरकडे नेलं. बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का, भूक लागते का, जिवाचं काही करावंसं वाटतं का. मी खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, डिप्रेशन आहे, आजार आहे, तुमचा दोष नाही. हे शेवटचे शब्द ऐकून मी रडले. एवढी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. एका नावानं माझ्या पाठीवरचं ते ओझं उतरवलं. म्हणून नावं वाईट असतात असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्यांनी एक विचारलं नाही. कधी याच्या उलट झालं का, हे. झालं होतं. त्या उन्हाळ्यानंतर मी झोपेशिवाय शिवणकाम शिकले, अख्ख्या मोहल्ल्याचे ब्लाउज शिवायला घेतले, आंबेडकर जयंतीला माइक सोडेनाशी झाले. त्याला आजार कोणी म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, रामटेक्यांची पोरगी लय हुशार.

गोळ्या सुरू झाल्या आणि लागू पडल्या. मी उठले. उठले ती थांबलेच नाही. मला झोप नको झाली. डोकं इतकं स्वच्छ चालायला लागलं की मला लोकांची वाक्यं संपायच्या आधी कळायची. मी सचिवांना दिवसातून कितीदा फोन करत होते, मला आठवत नाही. खाटा, भेगा, दाराच्या फटी. पुढं तर शाळेला नदीवरून पूल हवा, मुलींना विमानानं दिल्ली दाखवायची, हेही. खरं आणि भलतं एकाच फोनवर.

आणि मग ती सकाळ. पहाट उजाडता उजाडता मी सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं आणि एटापल्लीच्या रस्त्याला लागले. तहसीलदारांना सांगायचं, खाटा द्या. मुलींना सहल वाटली, त्या गाणी म्हणत होत्या. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, त्या रस्त्यानं अस्वल जातं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मला काडीची भीती वाटत नव्हती. ही भीती न वाटणं हाच आजार होता. हे मी आज सांगू शकते.

पण मुली तहसीलसमोर बसल्या तेव्हा मी जे बोलले, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "या जमिनीवर झोपतात. एकीले मण्यार चावली. दुसरीले चावायची वाट पाहून राह्यले का तुमी?"

सचिव गाडी घेऊन आले. त्यांनी लोकांना हात जोडले आणि माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. लोक हसले. प्रकाश आला तोवर मी तहसीलदारांच्या खुर्चीत बसून भाषण करत होते.

वॉर्ड

मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं माझं नाव-गाव विचारलं. दमलेला होता, हे दिसत होतं. त्यानं विचारलं, कोणी तुमच्यावर नजर ठेवतं का? मी म्हटलं, हो, मले पाहून राह्यले सगळे, सचिवानं सैपाकीण बाईले मागं लावली माया. हे खरं होतं. सचिवांनीच तिला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ती मला नंतर रडत रडत सांगूनही गेली. त्यानं विचारलं, कानात आवाज येतात का? मी म्हटलं, पोरींचा आवाज येते, सारखा येते. मला म्हणायचं होतं की मला त्यांची आठवण येते. आमच्याकडे असंच बोलतात.

त्यानं प्रकाशला विचारलंच नाही की ही बाई आधी कशी होती. कागदावर स्किझोफ्रेनिया आलं.

आता मी त्याची बाजूही सांगते. चार दिवस न झोपलेली, बडबडणारी, डोळे लाल झालेली बाई समोर आली की कोणीही चुकू शकतो. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्या रेषा एकमेकींत मिसळतात, हे मला पुढं कळलं. चूक झाली याचा राग नाही माझा. ती चूक पुन्हा कोणी तपासली नाही, याचा आहे. रोज फेरीला डॉक्टर यायचे, कागद बघायचे आणि कागदाशी बोलायचे. मी म्हटलं, मण्यार चावली होती एका पोरीले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, सापाचं अजून चालू आहे.

सकाळी चहा, मग गोळ्यांची रांग. गोळी गिळली की तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. सुईनं मान एका बाजूला ताठ व्हायची, तोंडातून लाळ गळायची, हात थरथरायचे. डब्यातला भात अंगावर सांडायचा. शौचालयाला कडी नव्हती. दुपारभर सगळ्या जणी भिंतीला टेकून बसायच्या. इतकी झोप होती की रागही येत नव्हता, आणि बरं होण्याची खूण म्हणून तेच लिहिलं जात होतं: शांत.

माझ्या शेजारच्या खाटेवर सिरोंचाकडची एक बाई होती. तिला रामक्का म्हणू. तिच्या कागदावर, बोलत नाही, असं होतं. एक दिवस तिचा भाऊ भेटायला आला आणि रामक्का बोलायला लागली. तास झाला तरी थांबेना. रडली, भांडली, हसलीसुद्धा. तिला फक्त तेलुगू येत होतं. एवढ्या दिवसांत तिच्याशी तेलुगूत कोणी बोललंच नव्हतं. भाऊ गेल्यावर ती पुन्हा गप्प झाली, आणि संध्याकाळच्या फेरीला कागद आपला जुनंच म्हणत होता.

ती माझे केस विंचरायची. माझी मान वाकडी असायची, तर तीही तिकडे वळून बसायची. त्या दवाखान्यात मला मिळालेलं सगळं चांगलं तिच्या हातून मिळालं.

तिथंच एका दुपारी संस्थेचा माणूस आला. त्याच्यासोबत प्रकाश होता. प्रकाश म्हणाला, सही कर, नाहीतर पोरी पळवल्याची केस करतील. मी सही केली. पेन माझ्या हातात धरून ठेवावा लागला. तो माझा राजीनामा होता, हे मला घरी आल्यावर समजलं.

चौथं नाव

घरी आले ती लाकूड होऊन. चालताना हात हलायचे नाहीत. समता भाजी चिरायची आणि फोडणीही स्वतःच घालायची, कारण मी पातेल्यासमोर उभी राहून विसरायची. माझ्या थोरल्या बहीण पुष्पाताई सिंदेवाहीहून आल्या, त्यांनी मला दारात पाहिलं आणि प्रकाशला म्हणाल्या, "जावईबुवा, ही आमची वंदना नाई. इले दुसऱ्या डॉक्टरले दाखवा. तुमाले होत नसन तर मी नेतो."

त्या मला चंद्रपूरला एका डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेल्या. मॅडमनी कागद पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाल्या, हे नंतर बघू, आधी ताई सांगतील, वंदना लहानपणी कशी होती. पुष्पाताई बोलायला लागल्या. भिंतीकडे तोंड केलेला उन्हाळा. शिवणयंत्र. जयंतीचा माइक. बाळंतपण. मध्ये मध्ये मॅडम मला विचारायच्या, तेव्हा झोप किती होती, पैसे कसे खर्च व्हायचे, डोक्यात विचार कसे धावायचे. मण्यारीचं आलं तेव्हा त्यांनी विचारलं, ती मुलगी आता कशी आहे?

इतक्या महिन्यांत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टर.

त्या दिवशी त्यांनी नाव सांगितलं नाही. पुन्हा बोलावलं, प्रकाशला घेऊन. थायरॉईडसाठी रक्त तपासून घेतलं. नंतरच्या भेटीत म्हणाल्या, मला हा बायपोलर आजार वाटतो. मन खाली जातं आणि वरही जातं. नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं तुम्ही वर फेकल्या गेलात, असं दिसतं.

मी विचारलं, "हे रक्तात दिसते का?"

"नाही."

"फोटोत?"

"नाही. मधुमेहासारखी याची तपासणी नाही. माणूस काय सांगतो, घरचे काय सांगतात, वर्षानुवर्षं काय घडत आलं, यावरून आम्ही ठरवतो."

"मंग तुमीही चुकू शकता."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणून मी बघत राहणार आहे. पण हे नाव बरोबर असेल तर त्याची एक चांगली गोळी आहे, आणि ती फार लोकांना लागू पडली आहे. नावाचा उपयोग तेवढ्यासाठी. तुम्ही कोण आहात हे त्या नावात नाही."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी आयुष्याची एवढी राख झाल्यावर गेले होते, मला पक्कं काहीतरी हवं होतं. आणि या बाई सांगत होत्या की आम्ही अंदाजानं चालतो, पण अंदाज चांगला आहे. बाहेर आल्यावर मी पुष्पाताईंना म्हटलं, हे काय शास्त्र झालं? त्या म्हणाल्या, "खरं तर बोलली बाप्पा. आजवर कोण बोललं?"

लिथियमची गोळी सुरू झाली. ठरावीक दिवसांनी रक्त द्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, उपास करायचा नाही. पहिले काही दिवस हात थरथरले, तोंडाला लोखंडाची चव. मग एका सकाळी मी चहा केला, गाळला, प्याले, आणि कप धुवून ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी न थांबता केलं. फार मोठी गोष्ट नाही. पण मी ओट्याला धरून उभी राहिले.

म्हणजे नावानं मला वाचवलं. योग्य नाव मिळालं नसतं तर मी आजही लाकूड असते किंवा विहिरीत असते. हे मी तितक्याच जोरात सांगते, जितक्या जोरात बाकीचं सांगते. काही लोक म्हणतात, हे आजार-बिजार डॉक्टरांनी बनवलेत. त्यांनी माझ्या घरी येऊन एक पावसाळा राहून दाखवावं.

घरात

बरी झाले आणि मला कळलं की मी आता रागावू शकत नाही. म्हणजे राग येत होता. पण तो कोणी राग म्हणून घेत नव्हतं.

दूधवाल्यानं पाणी घातलं म्हणून मी बोलले, तर सासूबाई प्रकाशकडे बघायच्या. समतानं मोबाइलवर रात्र काढली म्हणून ओरडले, तर ती म्हणायची, आई, गोळी घेतली का? गाणं गुणगुणले तर, हिला चढतंय का? गप्प बसले तर, ही पडतेय का? हसणं, रुसणं, कंटाळा, हट्ट, सगळं लक्षण. घरातल्या बाकीच्यांना स्वभाव होता, मला आजार होता.

ते घाबरलेले होते, हे मला समजत होतं. प्रकाशनं मला तहसीलदारांच्या खुर्चीतून उचललं होतं. समतानं ते कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं होतं, तिच्या वर्गातल्या मुलांनीही पाहिलं होतं. त्यांना त्या दिवसाची पुन्हा भीती होती. पण माणसाला सारखं थर्मामीटर लावून ठेवलं तर तो बरा असूनही तापल्यासारखा होतो.

जैनी

गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात मला शाळेची जुनी सैपाकीण भेटली. तिनं काम सोडलं होतं, लेकीकडे आली होती. मला बघून ती रडायला लागली. मला वाटलं, माझी अवस्था बघून. मी म्हटलं, मी बरी हाव आता. ती म्हणाली, तसं नाई बाई, जैनीचं आठवलं.

जैनी पाचवीत होती. रांगेत कायम शेवटी, कारण तिला सगळ्यांच्या मागून चालायला आवडायचं. मी विचारलं, काय झालं जैनीला?

मी वॉर्डात होते त्याच पावसाळ्यात, त्याच खोलीत, त्याच भिंतीजवळ. पोट दुखतं म्हणाली. या वेळी पापण्या बघायला कोणी नव्हतं. निघायला उशीर झाला, नाल्याला पूर होता, ती गाडीतच गेली.

नंतर आईबाप शाळेत आले. सोमीचा बाप पुढं होता. ते पटांगणात बसले, एकेकीचं नाव घेऊन मुलींना बाहेर बोलावलं आणि गावाला घेऊन गेले. खाटा आल्याशिवाय पोरी येणार नाहीत, म्हणाले. शाळा रिकामी झाली तेव्हा खाटा आल्या. सचिवांनी पालकांना सांगितलं होतं, तक्रार आधी आली होती हे खरं, पण त्या अधीक्षिकेच्या डोक्यात फरक होता, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही.

मी बाजारातून घरी कशी आले, माहीत नाही. प्रकाश वह्या तपासत होता. मी विचारलं, जैनीचं तुला माहीत होतं? तो म्हणाला, हो. तुला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही.

मी किंचाळले. काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. आणि माझ्या नवऱ्यानं, जो मूळचा चांगला माणूस आहे, मला विचारलं, "वंदना, आज गोळी घेतली का तू?"

मी गोळ्यांची डबी आणून त्याच्यासमोर ठेवली. सकाळचा कप्पा रिकामा होता. मी म्हटलं, "घेतली. आता माया रागाले उत्तर दे."

त्यानं डबीकडे पाहिलं आणि पुन्हा वही पुढं ओढली. मी समताला घेऊन सिंदेवाहीला निघून गेले.

पुढच्या भेटीला मॅडमनी प्रकाशला समोर बसवलं. राग आणि आजार यांतला फरक कसा ओळखायचा, हे त्याला सांगितलं. झोप कमी झाली का, बोलणं धावतंय का, कारण नसताना पैसे उडतायत का, ते बघा. राग कशाचा आहे ते आधी विचारा, म्हणाल्या. कारण सांगता येत असेल आणि कारण तुम्हालाही पटत असेल, तर तो तुमच्याइतकाच निरोगी राग आहे. प्रकाश पूर्ण वेळ खाली बघत होता. जिन्यावर तो म्हणाला, "जैनीचं मले सांगाले पाह्यजे होतं." मी घरी परत गेले. सगळं पूर्वीसारखं झालं नाही. पण तो आता विचारतो, कशाचा राग आला?

सही

तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या राहिल्या. डॉक्टरकडे जाताना तुम्हाला पहिल्यापासून ओळखणारा माणूस बरोबर न्या. नुसतं पडल्याचं सांगू नका, उडाल्याचंही सांगा, ते दिवस कितीही गोड वाटले असोत. आपल्या बोलीत बोला, आणि समोरच्याला कळलं का ते विचारा. नाव मिळालं तर त्याच्यावर रागावून गोळ्या टाकू नका, पण हे नाव कशावरून दिलं आणि दुसरं काय असू शकतं, हे विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि गुंगीत कोणत्याही कागदावर सही करू नका.

माझ्या सहीचं प्रकरण कोर्टात आहे. मला वकीलबाईंनी सांगितलं की आजारामुळे नोकरीतून असं काढता येत नाही, कायदा आहे. संस्थेचं म्हणणं, आम्ही काढलंच नाही, बाईंनी स्वखुशीनं राजीनामा दिला. मी हे ऐकून हसले. मुलींना घेऊन चालले तेव्हा मी वेडी, म्हणून खाटांची तक्रार खोटी. आणि मान वाकडी, लाळ गळत असताना सही केली तेव्हा मात्र मी शहाणी. एकच बाई, एकच महिना, आणि हवं तेव्हा हवं ते.

मी वेडी नव्हते, असं मी कोर्टात सांगणार नव्हते. वकीलबाईंना आधी तेच हवं होतं. म्हणाल्या, दवाखान्यातलं स्किझोफ्रेनियाचं निदान चुकीचं होतं, एवढंच धरू, मुद्दा सोपा होईल. मी नाही म्हटलं. त्या सकाळी मी आजारी होते. मुलींना त्या रस्त्यानं नेणं चूक होतं, एखादीला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. आणि त्याच सकाळी, त्याच तोंडानं, मी खरं बोलत होते. आजारी माणूस खरं बोलू शकतो, एवढं साधं कोणी मानलं असतं तर जैनी आज आठवीत असती.

माझी साक्ष झाली त्या दिवशी प्रकाश मागच्या बाकावर होता, पुष्पाताई त्याच्या शेजारी. संस्थेचे सचिव पांढऱ्या कपड्यांत पुढं बसले होते. त्यांच्या वकिलांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग आवाज चढवून म्हणाले, "तुम्हाला कोणता आजार आहे, ते कोर्टाला सांगा." त्यांना वाटलं होतं मी मान खाली घालेन.

मी म्हटलं, "बायपोलर. औषध सुरू आहे, सकाळची गोळी घेऊनच आले. माझ्या आजाराचं नाव मी सांगितलं. आता जैनीला काय झालं होतं, ते तुमच्या साहेबांना सांगायला लावा."

वकील म्हणाले, याचा इथं संबंध नाही.

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "जैनी कोण?" त्यांनी विचारलं.

मी पहिल्यापासून सांगायला लागले.